पहिल्या शनिवारची माफी

महिन्याच्या पहिल्या शनिवारी सकाळी बेल वाजली, की आमच्या बिल्डिंगमधली माणसं दार उघडण्याआधी भिंगातून बघतात. बाहेर इस्त्रीचा पांढरा शर्ट, तेल लावून चापून बसवलेले केस आणि पोटाशी धरलेले दोन हात दिसले, तर आतला टीव्हीसुद्धा बंद होतो. साळवेकाका माफी मागायला आलेले असतात.

भांडायला आलेल्या माणसाला लोक टाळतात, हे समजण्यासारखं आहे. माफी मागायला आलेल्या माणसाला टाळणारी खराडीत आमची एकच सोसायटी असावी. मी तिची सेक्रेटरी आहे, त्यामुळे काकांची फेरी संपली की त्यातून निघणारी भांडणं माझ्याकडे येतात. शनिवारची माझी बाकीची कामं मी त्या अंदाजानेच लावते.

सॅम्युएल साळवे तळमजल्यावर राहतात. त्यांच्या चर्चमध्ये महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं. भाकरीचा तुकडा आणि द्राक्षरसाचा घोट. त्याला मन स्वच्छ करून बसायचं. "कुणाच्या मनात आपल्याविषयी काही असेल, तर आधी त्याच्याकडे जायचं, मग देवाकडे," असं काका समजावतात. शिकवण उत्तमच आहे. अडचण एवढीच, की त्या कुणाच्या मनात बहुधा काही नसतं. ते काका येऊन घालतात.

माझ्याकडे पहिल्यांदा आले तेव्हा म्हणाले, "बाई, गणपतीत तुम्ही आरती म्हणत होतात, तेव्हा मला हसू आलं. माफ करा."

"मला तर दिसलं नाही."

"दिसू नये म्हणून पाठ फिरवली होती. त्याचीही माफी."

तेव्हापासून मी आरती ओठातल्या ओठात म्हणते.

तिसऱ्या मजल्यावरच्या देशपांड्यांचं तर घर हललं. काका दारात उभे राहून म्हणाले, "तुमच्या मुलाची नोकरी गेली ना, मला क्षणभर बरं वाटलं. म्हटलं, आता घाई नसेल तर गाडी तरी रेषेच्या आत लावेल. फार वाईट विचार आला हो." नोकरी गेल्याचं देशपांड्यांनी घरात आईला सांगितलेलं नव्हतं. आई मागेच उभ्या होत्या. देशपांडे त्या संध्याकाळी माझ्याकडे आले. "यांना सांगा, पाप करायचं तेवढं करा, पण आम्हाला कळवू नका!"

काका पूर्वी एका कारखान्यात मालाची तपासणी करत. केसाएवढी चीरही त्यांच्या नजरेतून सुटत नसे, असं त्यांच्या पत्नी दीनाकाकू सांगतात. "रिटायर झाल्यावर तपासायला काही उरलं नाही," काकू म्हणतात. "म्हणून स्वतःला तपासतात, आणि रिजेक्ट माल शेजाऱ्यांना दाखवत फिरतात."

काकांचं एक वाक्य ठरलेलं आहे. "थोडं लहान झालं, की जागा होते." वर कुणाकडे जाताना लिफ्टमध्ये ते सगळ्यांच्या नंतर शिरतात आणि वजन जास्त झाल्याची घंटी वाजली, की आनंदाने बाहेर येतात. पार्किंगच्या भांडणात त्यांनी स्वतःची जागा देऊन टाकली आणि स्कूटर गल्लीच्या टोकाला लावायला लागले. एका लग्नात जेवायला सर्वांत मागच्या टेबलावर बसले. मानाची जागा आपण घ्यायची नाही, यजमानाने बोलावलं तर पुढे जायचं, असा त्यांचा नियम. यजमान जमीनदार, पाहुणे हजारावर. काकांना कुणीच बोलावलं नाही. हात धुवायच्या नळाशेजारी, येणाऱ्याजाणाऱ्याचे शिंतोडे अंगावर घेत, त्यांनी श्रीखंड खाल्लं. काकू पुढच्या टेबलावरून ओरडल्या, "अहो, इकडे या! प्रभूला तुमचा पत्ता सापडेल हो!"

तर गेल्या महिन्यात पहिला शनिवार आला आणि काका आले नाहीत.

दुपारचा एक वाजत आला. कुणाचंही भांडण माझ्याकडे आलं नाही. खरं तर मला बरं वाटायला हवं होतं. पण हा माणूस तापातही फेरी चुकवत नाही. मनात नाही नाही ते यायला लागलं. मी बिलांची फाइल बंद केली आणि खाली गेले.

दीनाकाकूंनी दार उघडलं. त्यांचे डोळे सुजलेले होते. काका आतल्या गॅलरीत खुर्चीवर बसले होते. इस्त्रीचा शर्ट, पायात बूट, हात पोटाशी.

"पहाटेपासून असेच बसलेत," काकू हळू आवाजात म्हणाल्या. "दादांना आज चार वाजता अ‍ॅडमिट करणार आहेत. हृदयाचं ऑपरेशन. वहिनींचा फोन आला होता."

दादा म्हणजे डॅनियल, काकांचे थोरले भाऊ. कात्रजला राहतात. मी त्यांचं नाव पहिल्यांदाच ऐकत होते. काकूंनी मला स्वयंपाकघरात नेऊन सगळं सांगितलं. सासूबाई शेवटची वर्षं दादांकडे होत्या. अंथरुणातच. दादांनी सगळं केलं. त्या गेल्या तेव्हा दफनभूमीत, चार लोकांच्या देखत, काका भावाला म्हणाले, "दादा, वेळेवर दवाखान्यात नेलं असतंस, तर आई आज असती."

"तिथेसुद्धा तपासणी!" काकूंनी डोळ्याला पदर लावला. "दादा तेव्हापासून बोलत नाहीत. आणि हे तेव्हापासून प्रभुभोजन घेत नाहीत. ताट समोर आलं की शेजाऱ्याकडे सरकवतात. लोकांना वाटतं, केवढी नम्रता! सगळ्या बिल्डिंगची माफी मागतात ना, ती या एका माफीच्या बदल्यात. ती काही यांच्याने मागवत नाही."

मी घड्याळ बघितलं. चारला भरती, म्हणजे तीनला दादा घरून निघणार. खराडी ते कात्रज, शनिवारची दुपार. मी गॅलरीत गेले. "काका, उठा. गाडी काढते."

"नको हो बाई. तुमची कामं असतील."

"आहेत. उठा."

हडपसरपर्यंतच माझा जीव मेटाकुटीला आला. रस्त्याचं काम, त्यात उसाचा ट्रॅक्टर. आणि शेजारी साळवेकाका, खिडकीतून हात काढून प्रत्येकाला पुढे जायची खूण करणारे. रिक्षा गेली, टेम्पो गेला, पाण्याचा टँकर गेला. एका हातगाडीवाल्याने तर थांबून आमच्याकडे संशयाने बघितलं.

"काका, हात आत घ्या!"

"अहो, जाऊ द्या त्याला. थोडं लहान झालं, की..."

"आज लहान झालो, तर आपण दोघं इथेच राहू!"

त्यांनी हात आत घेतला. मग तोंडातल्या तोंडात पुटपुटायला लागले. माफीची तयारी चालली होती. आधी दफनभूमीतलं वाक्य, मग त्यानंतर न केलेले फोन, मग दादांच्या साठीला न जाणं. क्रमवार, एकही चूक सुटू नये अशी. मला वाटलं, हे सगळं ऐकून होईपर्यंत त्या बिचाऱ्याची भरतीची वेळ टळेल.

कोंढव्याच्या चढावर गाड्यांची रांग लागली. अडीच वाजून गेले. काका एकदम म्हणाले, "परत फिरवा. ऑपरेशनच्या आधी पेशंटला त्रास नको. मला बघून त्याचं काही झालं म्हणजे? मी मागेच राहिलेलं बरं. नंतर बघू."

"नंतर म्हणजे कधी?"

त्यांनी खिडकीची काच वर केली.

"काका, राग मानू नका. याला नम्रता म्हणत नाहीत. तुम्ही घाबरलायत."

मागच्या गाडीवाल्याने हॉर्न वाजवला. काकांनी कपाळावरचा घाम पुसला आणि म्हणाले, "फार घाबरलोय, बाई." मी गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकली.

दादांच्या दाराशी आम्ही पोचलो तेव्हा बॅग उंबऱ्याजवळ भरून ठेवलेली होती. दार उघडंच होतं. आत पलंगाच्या कडेला एक सुकलेला माणूस बसला होता. एक पाय स्टुलावर, हातात नेलकटर. दवाखान्यातून नखं कापून यायला सांगितलेलं असावं. ते वाकायचे, धाप लागायची, परत सरळ व्हायचे. "थांबा म्हणते ना, मी कापते," आतून वहिनींचा आवाज आला. "तुला दिसतंय कुठे? बोट कापशील," दादा म्हणाले आणि मान वर करताच त्यांना दारातले काका दिसले.

मला वाटलं, आता एक तर काका कोसळतील, नाहीतर दादा.

"तपासणीला आलास का?" दादा म्हणाले. "बघून घे. या वेळी वेळेवर चाललोय दवाखान्यात."

काकांनी तोंड उघडलं. वाटेत क्रमवार लावलेलं सगळं आता येईल म्हणून मी वाट बघत होते. अख्ख्या बिल्डिंगला नको असलेल्या माफ्या वाटणारा माणूस नुसता ओठ हलवत उभा होता.

मग त्यांनी बूट काढले, आत गेले आणि पलंगापाशी फरशीवर मांडी घालून बसले. दादांच्या हातातलं नेलकटर काढून घेतलं. दादांनी पाय मागे ओढला. काकांनी दोन्ही हातांनी तो धरला आणि आपल्या मांडीवर ठेवला. इस्त्रीच्या शर्टाच्या टोकाने अंगठा पुसला आणि नख कापायला लागले. खोलीत फक्त नेलकटरचा आवाज येत होता. मी बाहेरच थांबले. वहिनी आतल्या दाराशी येऊन उभ्या राहिल्या, हातातला टॉवेल तसाच.

"करंगळीचं जपून," थोड्या वेळाने दादा म्हणाले. "लहानपणापासून खोल कापतोस."

"दादा..."

"रडत रडत कापू नकोस रे. लागेल मला."

काकांनी बाहीने डोळे पुसले. करंगळीचं नख अगदी सावकाश, सोन्याचं काम करावं तसं कापलं आणि पाय उचलून हलकेच खाली ठेवला.

दादांनी खिडकीबाहेर बघत दुसरा पाय पुढे केला.