भोपळ्याचा लिलाव आणि पलीकडचे बेट

एका जंगलात, समुद्राच्या अगदी काठाला, एक चर्च होते. नीट बसा, बाळांनो. शेपट्या ओढायच्या नाहीत, गोष्ट प्राण्यांची असली तरी.

चर्चवर पत्र्याचे छप्पर होते. आत बाके होती. बाकांवर दर रविवारी ससे, हरणे, रेडे, खारी अशी सगळी मंडळी बसून मनापासून आणि बेसूर गाणी गात. वाघसुद्धा येई. रविवारी तो कोणाला खात नसे. सोमवारी ज्याने त्याने आपले बघावे.

या मंडळीला एका गोष्टीचा फार अभिमान होता. त्यांचे समुद्रापलीकडे सेवाकार्य होते! झाले होते असे, की फार पूर्वी मोठे वादळ आले आणि पलीकडच्या बेटावरची सगळी झाडे आडवी झाली. तिथली माकडे उपाशी मरायला टेकली. तेव्हापासून दर पौर्णिमेला इकडून रताळ्यांची होडी जाऊ लागली. रताळी भरायची, होडी वल्हवायची, रताळी उतरवायची, हे सगळे करणारा प्राणी एकच. सेवाकार्याचा चिटणीस सिलास साळिंदर.

सिलास मनाने लोण्याचा गोळा होता. अंगाने मात्र साळिंदर. त्यामुळे उपासनेत त्याच्या दोन्ही बाजूंच्या जागा कायम रिकाम्या. आख्ख्या दुनियेत त्याला जवळ घेणारी एकच होती, बेटावरची म्हातारी वानरीण रिबकाआजी. तीही त्याच्या नाकावरूनच हात फिरवी, कारण तेवढीच जागा बिनकाट्याची. होडी टेकली की ती म्हणे, "आलास लेकरा? सलाम." एवढ्यासाठी सिलास भर वाऱ्यात वल्ही मारत जाई.

आता तुम्ही विचाराल, रताळी यायची कुठून? ती द्यायचे सात समुद्रांपलीकडचे करकोचे. दर हिवाळ्यात ते पोती घेऊन येत, माकडांचे फोटो मागून घेत आणि डोळे पुसत उडून जात.

एका हिवाळ्यात करकोचे मोकळ्या चोचीने आले.

"यंदा आमच्याकडे पेंग्विनांची लाट आहे," थोरला करकोचा म्हणाला. "पेंग्विन दाखवला की आमच्या लोकांना लगेच रडू फुटतं. माकडं दाखवली तर हल्ली फुटत नाही. तुमची माकडं फोटोत जरा हसरी येतात हो."

आणि ते उडून गेले. कोठारात एकच पोते उरले. सिलासने ते दोनदा मोजले. आजीचे काय होणार?

संकट आले की शहाणी मंडळी काय करतात? बरोबर. कमिटीची मीटिंग बोलावतात. अध्यक्षस्थानी दाविदराव रेडे होते. त्यांचा आवाज मोठा होता, म्हणून ते अध्यक्ष होते. चहा झाला, भजी झाली, आणि एकमताने ठरले की बाहेरून सल्लागार आणावा.

सल्लागार म्हणून कोल्हा आला. त्याने रिकामे कोठार पाहिले आणि मान हलवली.

"रताळी संपली त्याचं एवढं काही नाही," तो म्हणाला. "पण तुमच्याकडे घोषवाक्य नाही! घोषवाक्याशिवाय आजकाल साधं गवत उगवत नाही."

मग त्याने घोषवाक्य दिले, 'एक रताळे, एक आशा'. फी म्हणून उरलेले पोते पाठीवर टाकले आणि तो गेला. मंडळीकडे आशा तेवढी राहिली.

"घाबरू नका," पाळकसाहेब म्हणाले. पाळकसाहेब म्हणजे चर्चचे धर्मगुरू, एक सांबर, भारी सज्जन. "कापणीचा सण आलाय. लिलाव करू. प्रभू पुरवील."

बाळांनो, कापणीच्या सणाचा लिलाव पाहण्यासारखा असतो. ज्याच्या शेतात जे पिकले ते त्याने चर्चमध्ये आणायचे. उपासना झाली की अंगणात त्याची बोली लावायची. साधे लिंबूसुद्धा तिथे सोन्याच्या भावाने जाते. आणि खरा दानशूर असेल तर तो विकत घेतलेली वस्तू घरी नेत नाही. "पुन्हा लिलावाला घ्या!" म्हणून परत देतो. मग टाळ्या पडतात.

त्या वर्षी उंदरांनी झाडून सगळे खाल्ले होते. लिलावाला एकच भोपळा आला. बोली अर्थात घरात साठवलेल्या रताळ्यांची.

"पन्नास रताळी!" ससा ओरडला.

"शंभर!" दाविदराव डुरकले. "एक वार, दोन वार, तीन वार! भोपळा माझा! आणि हा मी परत देतो!"

कडाकड टाळ्या पडल्या. दाविदरावांचे डोळे भरून आले. ते पाहून हरणाला राहवेना. त्याने दीडशेला घेतला आणि परत दिला. वाघाने दोनशेला घेतला आणि परत दिला. दुपार कलली तरी भोपळा हातोहात फिरत होता. खारीने तर तो हजाराला घेतला. तिला तो उचलताही येत नव्हता. पाळकसाहेबांना हुंदका आवरेना. सिलास तर आनंदाने एवढा फुलला की आजूबाजूचे चार जण दूर सरकले.

दुसऱ्या दिवशी तो टोपली घेऊन वसुलीला निघाला.

"कसली रताळी?" दाविदरावांनी डोळे वटारले. "मी भोपळा परत दिला ना?"

"दिलात, साहेब."

"मग झालं! वस्तू परत गेली की बोली परत आली. भोपळाही द्यायचा आणि वर रताळीही द्यायची? हा कुठला न्याय?"

हरीण तेच म्हणाले. खार तेच म्हणाली. वाघाकडे सिलास गेला नाही, कारण तो सोमवार होता.

संध्याकाळी चर्चच्या अंगणात सिलास आणि भोपळा दोघेच उरले. पौर्णिमा तोंडावर आली होती. "होडी येईल, आजी," असा शब्द तो देऊन आला होता. शेवटी त्याने भोपळा होडीत ठेवला आणि वल्ही उचलली.

वाटेभर तो माफीचे शब्द जुळवत होता. 'आजी, आम्ही कमी पडलो.' 'आजी, एवढंच आहे.' एकही धड वाटेना. बेटावर उतरला तेव्हा त्याला एवढेच जमले, "आजी, भोपळा." आणि तो भोकाड पसरून रडू लागला.

रिबकाआजीने त्याच्या नाकावरून हात फिरवला. "अरे वेड्या, आधी जेव. किती वाळलायस!"

ती त्याला टेकडीपलीकडे घेऊन गेली. तिकडे तो कधी गेलाच नव्हता. दरवेळी किनाऱ्यावर रताळी उतरवायची आणि उलट फिरायचे, हीच रीत होती. टेकडीपलीकडे नारळच नारळ होते. केळीचे घड जमिनीला टेकले होते. गरगरीत माकडे झाडांवर लोळत होती.

"हे... हे कधी झालं?" सिलासने विचारले.

"झाली की बरीच वर्षं. वादळानंतरची पहिली दोन वर्षं तुझी होडी आली नसती तर मी आज तुझ्यासमोर नसते, लेकरा. ते मी मरेपर्यंत विसरायची नाही. नंतर झाडं लागली. सांगणार होतो आम्ही. पण एकदा तुमची मंडळी भेटीला आली होती, आठवतं? रताळी वाटताना किती खूश होती! तो रेडा तर नाचला. वाटलं, बंद करा म्हटलं तर बिचारे रविवारी करतील काय?"

"मग ती रताळी?"

"माशांना घालतो. मासे फार दुवा देतात."

सिलास हसावे की रडावे या विचारात केळी खात राहिला आणि खाता खाता कोठार रिकामे झाल्याचे सांगून बसला. निघताना माकडांनी होडी नारळांनी गच्च भरली. "तुमच्याकडे एकच भोपळा उरला होता आणि तोही तुम्ही आम्हांला दिलात," आजी डोळे पुसत म्हणाली. "घेऊन जा. गरिबी कोणालाही येते."

इकडे मात्र भलताच पेच पडला. कमिटी नारळांभोवती गोल उभी राहिली.

"बेटाकडून मदत घ्यायची?" दाविदराव गरजले. "आपण देणारे आहोत! घेणारे ते!"

"पण त्यांच्याकडे भरपूर..." सिलासने तोंड उघडले. मग त्याने सगळ्यांचे चेहरे पाहिले. होडी बंद पडणार म्हणून सगळे कसे कोमेजले होते. त्याने तोंड मिटले. होडी बंद झाली तर त्याला तरी नाकावरून हात कोण फिरवणार?

"साहेब," तो हळूच म्हणाला, "हे नारळ आपल्या दारात आले. म्हणजे प्रभूनेच पुरवले. आपण ते बेटावर पाठवले तर?"

"आमेन!" पाळकसाहेब म्हणाले.

लगेच शिक्का करवून घेतला. प्रत्येक नारळावर उमटले, 'जंगलाच्या मंडळीकडून सप्रेम'. पुढच्या पौर्णिमेला होडी वाजतगाजत निघाली. आजीने शिक्का वाचला, सिलासकडे पाहिले आणि पोट धरून हसली. त्याला जेवू घातले. आणि तेच नारळ गरीब बिचाऱ्या जंगलाला परत पाठवले.

तेव्हापासून होडी दोन्ही बाजूंनी भरलेली जाते. सेवाकार्याला पुन्हा कधीच चणचण भासली नाही. सिलासचे वजन वाढले. फेऱ्या मारून मारून एका नारळाला कोंब फुटला, तेव्हा कमिटीने त्याला 'विकासकार्य' असे नाव दिले आणि त्याच्या सावलीत बसायला मीटिंग बोलावली.

तात्पर्य : देण्यासारखे सुख नाही. म्हणून ज्याचे पोट भरलेले आहे त्याने, देणाऱ्यांची दया येऊन, अधूनमधून उपाशी असल्याचे नाटक करावे. फोटोत मात्र हसू नये.