मूत्रपिंडं आणि खूर

चष्मा सापडत नव्हता आणि स्वयंपाकघरातून बायको ओरडत होती, "अहो, येताय ना? सगळं गार झालं!" त्याच घाईत संशोधकांच्या लेखांची यादी ठेवणाऱ्या संकेतस्थळाने संशोधकाला विचारलं, "हे लेखही तुमचेच का?" नाव तर त्याचंच दिसत होतं. त्याने 'हो' दाबलं आणि तो जेवायला गेला.

दुसऱ्या दिवशी संस्थेत शिरतोय तोच शेजारच्या प्रयोगशाळेतले सहकारी आडवे आले. "छुपे रुस्तम निघालात की!"

संशोधकाने आयुष्य उंदरांच्या मूत्रपिंडात घातलं होतं. लेख बरेच होते, पण त्यांचा हवाला देणारे म्हणजे तो स्वतः आणि त्याचे विद्यार्थी. अशा प्रत्येक हवाल्याला सायटेशन म्हणतात, आणि त्यांच्यावाचूनच त्याचं प्राध्यापकपद अडलं होतं. आता आकडा हजारांत गेला होता. चष्मा लावून बघितलं, तर नवे लेख सगळे घोड्यांच्या खुरांवरचे. कुठल्यातरी लांबच्या शहरातल्या, त्याच्याच नावाच्या जनावरांच्या डॉक्टरचे.

तो तडक संचालकबाईंकडे गेला. "बाई, ते घोडे माझे नाहीत."

"विनय पुरे झाला," बाई म्हणाल्या. "तुमच्यामुळे संस्था क्रमवारीत कुठल्याकुठे वर गेलीय. अहवाल पाठवूनही झाला. तुमच्या बढतीची शिफारसही त्यातच आहे."

"पण मूत्रपिंड कुठे, खूर कुठे!"

"एकाच शरीरात असतात ना? झालं तर मग."

बाईंनी ही बातमी संस्थेच्या संकेतस्थळावर फोटोसकट झळकवली. परिणामी आठवड्याभरात एक गृहस्थ लंगडणारी घोडी घेऊन संस्थेच्या दारात हजर झाले.

"डॉक्टर, जरा खूर बघा हिचा."

"अहो, मी मूत्रपिंडं बघतो."

"मग आलोच आहोत तर तीही बघा."

तेवढ्यात घोडीने संस्थेच्या पायऱ्यांवर, मूत्रपिंडं उत्तम चालत असल्याचा भरघोस पुरावा दिला. संशोधक बाजूला उडी मारतोय तोच त्याचा फोन वाजला.

"मी तुमच्याच नावाचा बोलतोय," पलीकडचा आवाज पडलेला होता. "काल माझी मुलाखत होती. समितीने माझं नाव शोधलं, तर खाली एकही लेख नाही. म्हणाले, इतकी वर्षं करत काय होतात? घोड्यांच्या लाथा खात होतो हो मी!"

संशोधकाचा चेहरा उतरला. हा माणूस कुठेतरी खरोखर असेल आणि त्यालाही बढती हवी असेल, हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं. त्याने त्याच दुपारी सगळीकडे कळवून टाकलं, की खूर माझे नाहीत. लेख ज्याचे त्याला परत मिळाले, समितीने खुरांच्या डॉक्टरला पुन्हा बोलावलं आणि बढतीही दिली. संशोधकाची शिफारस मात्र मागे घेण्यात आली. बाई त्याच्याशी बोलेनाशा झाल्या.

"बरं झालं," बायको म्हणाली. "तो घोडीवाला घराचा पत्ता विचारत फिरत होता."

खुरांचा डॉक्टर भला माणूस होता. उपकार फेडायचे म्हणून त्याने सुचवलं, "माझ्याकडे घोड्यांच्या मूत्रपिंडांचे नमुने पडून आहेत. दोघं मिळून लेख लिहू." वर्षभर दोघं खपले. लेख खरंच चांगला झाला आणि मोठ्या नियतकालिकाने तो स्वीकारला.

छापून आला, तर वर लेखक एकच.

संशोधकाने संपादकांना फोन लावला. संपादक खुशीत होते. "अहो, तुमचं नाव चुकून दोनदा पडलं होतं. शेवटच्या क्षणी आमच्या लक्षात आलं, म्हणून एक उडवलं. आभार कसले मानताय!"

मग त्याने खुरांच्या डॉक्टरला फोन केला. "आपल्यातला एकजण उडाला."

"कोण?"

"तेच कळत नाहीये. पत्ता माझा छापलाय, फोटो तुमचा."

"सायटेशन येतायत का पण?"

"धो धो येतायत."

"मग अभिनंदन!"

"कोणाचं?"

"ते राहू दे," खुरांचा डॉक्टर म्हणाला. "आधी तुम्ही माझं करा, मग मी तुमचं करतो."