फुटून निघण्याचा हक्क

जेवायला बसण्याआधी धाकट्याने खिशातली किल्ली पुन्हा एकदा चाचपली. भाड्याने घेतलेल्या नव्या जागेची किल्ली. आठवडाभर ती त्याच्या मांडीला टोचत होती आणि त्याची बायको त्याच्या कानाला.

"आज दादांना सांगा, नाहीतर मी सांगते," असं तिने बजावलं होतं. ती सांगणार म्हणजे कशी सांगणार, हे त्याला चांगलं ठाऊक होतं. त्याचं चष्म्याचं दुकान होतं. कुरकुरणाऱ्या गिऱ्हाइकाच्या नाकावर तो बेधडक चष्मा बसवी. पण दादापुढे तोंड उघडायची त्याची छाती नव्हती.

दादा काही मारकुटा नव्हता. उलट तो रागावला असता तर धाकट्याला बरंच वाटलं असतं. आईवडिलांमागे दादानेच त्याला वाढवला, शिकवला, दुकान थाटून दिलं. दादाच्या डोळ्यांत पाणी आलं तर काय करायचं, ही त्याची खरी भीती होती. पण घरात बाथरूम एकच. दादा सकाळी वर्तमानपत्र घेऊन आत शिरे तो संपादकीय संपवूनच बाहेर येई, आणि तोवर इकडे दुकानापुढे गिऱ्हाइकं ताटकळत. धाकट्याच्या बायकोच्या सहनशक्तीचा कडेलोट झाला होता.

"दादा, एक सांगायचं होतं," धाकट्याने सगळा धीर गोळा केला.

"नंतर. आधी चिठ्ठी उचल," दादा म्हणाला आणि चष्म्याची जुनी डबी त्याच्यापुढे सरकवली.

दादा शाळेत इतिहास शिकवायचा आणि मुलांकडून वादविवादाची तयारी करून घ्यायचा. स्पर्धेच्या आदल्या दिवशी घरातही वाद रंगायचा. जी चिठ्ठी निघेल तीच बाजू लढवायची, मनात काहीही असो, असा घरचा कायदा होता. यंदा दादाची मुलगीच स्पर्धेत होती. ती घंटा घेऊन सज्ज होती. विषय होता दूरच्या एका देशातली यादवी. तिथल्या काही राज्यांनी आम्हाला तुमच्यात राहायचं नाही म्हणून वेगळी चूल मांडली आणि भावाभावांत बंदुका चालल्या. तर, राज्याला असं फुटून निघण्याचा हक्क असतो का?

धाकट्याच्या चिठ्ठीवर 'नसतो' होतं. बायकोच्या चिठ्ठीवर 'असतो'. धाकट्याने बायकोकडे पाहायचं टाळलं.

बायको उभी राहिली ती पदर खोचूनच. "राजीखुशीने एकत्र आलात ना? मग राजीखुशीने वेगळं होता आलं पाहिजे! नाहीतर त्याला संघ म्हणू नका, कोंडवाडा म्हणा!"

"पण काकू," पुतणी म्हणाली, "ती राज्यं गुलाम ठेवता यावेत म्हणून फुटली होती. माणसं राबवायचा हक्क कसला? बाबा म्हणतात, आधी कारण बघायचं."

"ते कारण वाईटच," दादा घाईघाईने म्हणाला. "पण समजा, कारण चांगलं असेल तर?"

"बाथरूम!" बायको गरजली.

 धाकट्याने डोळे मिटून घेतले.

"म्हणजे... उदाहरण म्हणून," बायकोने सावरून घेतलं.

दादाने कपाळ पुसलं. ताटातून नजर न उचलता तो म्हणाला, "आणि समजा, एखादं राज्य वरवर गोड बोलतंय, पण आतून निघायची तयारी करतंय. त्याला काय म्हणायचं?"

धाकट्याने खिशातल्या किल्लीवर हात दाबला. कळलं! दादाला सगळं कळलं!

"नसते प्रश्न कशाला काढता?" स्वयंपाकघराच्या दारातून वहिनी कडाडली. म्हणजे वहिनीलाही कळलं होतं.

पुतणीने घंटा वाजवली. "काका, तुमची वेळ."

धाकटा उभा राहिला.  आता बचावाचा एकच मार्ग होता, चिठ्ठीला जागायचं. "नाही! हक्क नाही!" तो किंचाळलाच. "ज्यांनी आपल्याला हाताला धरून चालवलं, त्यांना सोडून जाण्याचा हक्क कुणालाही नाही! जाणारा सामान नेतो, पण मागे राहणाऱ्याचं घर ओस पाडून जातो. गैरसोय होते? होऊ दे! रांगेत उभं राहू! पण एका छपराखाली राहू!" बोलता बोलता त्याचा आवाज खरोखरच भरून आला. लहानपणी ताप आला तेव्हा रात्रभर उशाशी बसलेला दादा त्याला दिसू लागला आणि तो हुंदके देत खाली बसला.

दादाच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. ज्याची भीती होती तेच झालं. दादाने सदऱ्याच्या खिशातून एक किल्ली काढून टेबलावर ठेवली.

"मला माफ कर रे. तुझ्या वहिनीने जागा बघितली, मी भाड्याने घेतली. पुढच्या महिन्यात आम्ही निघणार होतो. तुला सांगायची हिंमत होत नव्हती. पण आज तू माझे डोळे उघडलेस. मी कुठेही जात नाही!"

"काय?" वहिनीच्या हातातला डाव खणकन खाली पडला. "अहो, स्वतंत्र स्वयंपाकघर होतं तिथे!"

"ताई, थांबा," म्हणत बायकोने नवऱ्याच्या खिशात हात घातला आणि दुसरी किल्ली टेबलावर आपटली.

दोघी जावांनी एकमेकींकडे पाहिलं. आजवर ज्यांचं मिठाच्या चिमटीवरूनही जमलं नव्हतं, त्या दोघी बरोबरीने स्वयंपाकघरात गेल्या. दार लागलं. आतून कुजबुज ऐकू येऊ लागली आणि मग चक्क हसणं.

"दादा, त्या दोघी एक झाल्या," धाकटा पुटपुटला.

"मला भीती वाटते रे," दादाने त्याचा हात घट्ट धरला.

दार उघडलं. वहिनीने तिची किल्ली उचलली. "आम्ही दोघी आणि मुलगी, आमच्या जागेत जातोय. भाऊजी, तुमची किल्ली उद्या परत करून टाका. तुम्हा दोघांना फुटायचा हक्क नाही ना? मग टिकवा तुमचा संघ."

पुतणीने घंटा वाजवली. "वेळ संपली," ती म्हणाली आणि दप्तर आवरायला पळाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघे भाऊ बाथरूमच्या बंद दारापुढे उभे होते. घर ओस पडलं होतं आणि स्वयंपाकघरात दूध उतू जात होतं.

"जा रे, आधी तू जा," दादा गहिवरून म्हणाला.

"नको दादा, आधी तू."

दादाने काखेतलं वर्तमानपत्र सावरलं. "बरं," तो म्हणाला आणि त्याने आतून कडी लावली.