साडेबाराचं उपोषण

“आणि साडेबाराला मी काय तुझं ओळखपत्र खाऊ?” सावळीराम ओरडला.

“डबा भरून ठेवलाय ना ओट्यावर!” विमलाबाई आरशासमोर पदराला पिन लावत होत्या. दुसरी पिन दातांत होती, तरी शब्द कुठं अडत नव्हते.

“डबा? बायको जिवंत असताना डबा?”

“मग तुमच्या डब्यासाठी मरू का मी?”

“भाकरी तव्यावरून थेट ताटात पडली पाहिजे. गार भाकरी मला जात नाय, हे तुला आज कळतंय का?”

“साडेबाराला माझं राज्यशास्त्र असतं.”

“घरातलं राज्य सोडून बाहेर कसलं शास्त्र शिकतेस?”

“घरात नेमकं राज्य कुणाचं, तेच कळेना. म्हणून तर चाललेय!”

हे भांडण काही त्या सकाळचं नव्हतं. विमलाबाईंनी गंगापूर रोडवरच्या कॉलेजात बी.ए.च्या पहिल्या वर्षाला प्रवेश घेतला, त्या दिवसापासून ते तिन्ही शिफ्टमध्ये सुरू होतं. सावळीराम ओझरच्या विमानांच्या कारखान्यातला निवृत्त फिटर, आणि निवृत्त होईस्तोवर युनियनचा माणूस. तिथं दुपारी साडेबाराला भोंगा व्हायचा आणि कँटीनमध्ये वाफाळतं ताट मिळायचं. निरोप समारंभात त्याला शाल मिळाली, नारळ मिळाला, आणि भोंगा तो पोटातून घरी घेऊन आला.

विमलाबाईंची शाळा नववीत सुटली, कारण चांदवडहून स्थळ आलं. (स्थळ म्हणजे सावळीरामच. त्यामुळे या विषयावर तो जपून बोलतो.) मुलं मार्गाला लागली, सासूबाईंचं सगळं करून झालं, मग बाईंनी सतरा नंबरचा फॉर्म भरला आणि घरात बसून आधी दहावी काढली, मग बारावी. सावळीरामला वाटायचं, बायको पोथी वाचतेय. पोथीत त्रिकोण कशाला, असा प्रश्न त्याला पडला नाही. (सावळीरामला ‘तो’ आणि विमलाबाईंना ‘त्या’ असं का, असं कुणी विचारील. पुढं वाचा, कळेल.)

तर त्या सकाळी सावळीरामनं कमरेवर हात ठेवले. “ठीक आहे. वाटाघाटी फिसकटल्या. मी आज तुझ्या कॉलेजच्या गेटवर उपोषणाला बसतो.”

“कशासाठी?”

“जेवणासाठी!”

(जेवण मिळावं म्हणून जेवण सोडणं, यात काही चुकतंय हे तुम्हाआम्हाला कळतं. युनियनमध्ये मागणी वेगळी आणि हत्यार वेगळं. दोन्हींची गाठ घालून बघायची पद्धत नाही.)

विमलाबाईंनी दातांतली पिन काढली. आवाज एकदम खाली आला, आणि तो खाली आला की सावळीरामला घाम फुटतो.

“ऐका. घरात हवा तेवढा आरडाओरडा करा. पण कॉलेजात येऊन तमाशा केलात, तर मी त्याच पावली नाव काढून घरी येईन. त्या बाकावर बसायला अख्खा जन्म थांबले मी. तिथं खाली मान घालून बसायची नाही.”

आणि पिशवी खांद्याला लावून त्या निघून गेल्या.

सावळीराम खूश झाला. तमाशा केला की नाव निघणार, नाव निघालं की भाकरी गरम. मॅनेजमेंटनं आपल्या तोंडानं पराभवाचा रस्ता दाखवल्याचं हे त्याच्या कारकिर्दीतलं पहिलंच उदाहरण होतं. त्यानं जुनं कॅलेंडर उलटं करून त्यावर लाल रंगात लिहिलं, ‘साडेबाराचं जेवण हा माझा हक्क आहे’. सतरंजी काखेला मारली आणि रिक्षा केली.

ऑक्टोबरचं ऊन. गेटजवळ सतरंजी पसरून तो बसतो न बसतो तोच वॉचमन आला. सावळीरामनं अंग सैल सोडलं. (उचलून नेताना अंग सैल सोडायचं, म्हणजे चार माणसं लागतात.) वॉचमन आत गेला आणि खुर्ची घेऊन आला.

“आजोबा, खाली मुंग्या आहेत.”

हा काय डाव आहे, ते सावळीरामला कळेना. तेवढ्यात एक मुलगी धावत आली. छातीवर बिल्ला होता, ‘विद्यार्थी मदत कक्ष’, आणि नाव सृष्टी.

“आजोबा, फर्स्ट इयर का?”

“मी उपोषणाला बसलोय!”

“हो, पण काही खाल्लंत का?”

सावळीरामनं कॅलेंडर पुढं केलं. सृष्टीनं ते मोठ्यानं वाचलं आणि तिचा चेहराच पडला. “अहो, जेवणाची अडचण होती तर उन्हात कशाला बसलात? कक्षात यायचं ना! ज्यांना घरून डबा नसतो त्यांना आपल्या मेसचं कूपन मिळतं.”

“डबा आहे,” सावळीराम म्हणाला. “गार आहे.”

“घरी गरम करून देणारं कुणी नाही?”

“बायको आहे. पण ती… बाहेर असते दिवसभर.”

“अरेरे!” सृष्टी म्हणाली, आणि तिनं त्याच्या कोपराला धरलं. “तुम्ही अजिबात एकटे नाही, आजोबा. चला.”

आता बघा. सावळीरामला त्याच्या जागेवरून पोलिसांनी उठवून बघितलं होतं, सिक्युरिटीनं उठवून बघितलं होतं, एकदा तर चुकून त्याच्याच युनियनच्या पोरांनीही. माणूस तसूभर हलला नव्हता. या मुलीनं कोपराला धरलं आणि तो उठला. सतरंजी आणि हक्क दोन्ही जागेवरच राहिले.

तिनं त्याला एका खोलीत नेलं. टेबल नव्हतं, फाइली नव्हत्या, दोन वेताच्या खुर्च्या होत्या. एकीत प्रतिभा मॅडम. समुपदेशक.

“बसा काका. प्रथम वर्ष?”

सावळीरामनं मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, हे त्यानं मानेवरच सोडलं.

“काय होतंय? सांगा.”

त्यानं खाकरून भाकरीचा मुद्दा मांडला. मॅडम “हं” म्हणाल्या आणि गप्प बसल्या. तो थांबला. त्याही थांबल्या. कारखान्यात साहेब लोक समोरच्यानं तोंड उघडायच्या आत नियम सांगायला लागत. त्यावर काय करायचं ते सावळीरामला पाठ होतं. पण मॅनेजमेंट नुसतं ऐकत बसलं तर काय करायचं, हे त्याला कुणी शिकवलंच नव्हतं. त्यामुळे तो बोलत राहिला. भाकरीवरून भोंग्यावर आला, भोंग्यावरून कँटीनच्या लांब बाकावर, बाकावर शेजारी बसणाऱ्या मित्रांवर, आणि मग म्हणाला, “सकाळी दार लागतं ना, मग घरात घड्याळाचा आवाज यायला लागतो. एवढा मोठा आवाज आहे त्याचा, मला ठाऊकच नव्हतं.”

“म्हणजे भाकरी गार असते त्यापेक्षा, समोर कुणी नसतं, हे जास्त आहे का काका?”

सावळीरामनं वर पंख्याकडं बघितलं.

“बेअरिंग गेलंय,” तो म्हणाला.

“पंख्याचं?”

“पंख्याचंच.” आणि त्यानं रुमालानं नाक पुसलं.

बाहेर पडताना त्यानं दबक्या आवाजात विचारलं, “मॅडम, याचे किती द्यायचे?”

“विद्यार्थ्यांना काही नाही.”

“आणि तुम्हाला नुसतं ऐकायचा पगार मिळतो?”

“हो की.”

सावळीराम थक्क झाला. ऐकण्यासाठी मंजूर झालेली पोस्ट! त्याच्या घरात हे काम इतकी वर्षं एक बाई बिनपगारी करत होती, आणि तिचं ऐकायची पोस्ट तर कधी निघालीच नव्हती.

पुढचा तासभर तो सृष्टीच्या मागून जत्रेत आल्यासारखा हिंडला. एका खोलीत नर्सबाईंनी त्याचा रक्तदाब मोजला, मीठ कमी करा म्हणाल्या, वर पाठीवरून हात फिरवला. एका खोलीत इंग्रजी कच्चं असणाऱ्यांना वेगळं शिकवत होते, आणि कुणी कुणाला हसत नव्हतं. ग्रंथालयात एक डोळ्यांनी अधू मुलगा कानाला यंत्र लावून पुस्तक ऐकत होता. एका ठिकाणी मुलाखतीला कसं बसायचं, कसं उठायचं, ते शिकवणं चाललं होतं.

“शिकून झाल्यावर नोकरीचंही हेच बघतात?” त्यानं विचारलं.

“तयारी करून घेतात, आजोबा. तुम्हाला करायचीय नोकरी?”

सावळीरामच्या डोळ्यांसमोर कारखान्याचा हँगर उभा राहिला होता. नवीन लागला तेव्हा त्यानं पहिल्यांदा विमान उघडं बघितलं होतं: एवढंसं यंत्र, आणि त्याच्याभोवती कुणी तारा ओढतंय, कुणी बोल्ट आवळतंय, कुणी नुसतं बॅटरी मारून भेगा शोधतंय. एक माणूस वर हवेत राहावा म्हणून खाली एवढे हात. तेव्हा त्याच्या अंगावर काटा आला होता, तसाच तो आता आला.

“आमच्या वर्गात पण एक आजी आहेत,” सृष्टी सांगत होती. “विमला आजी. मला त्यांची सोबतीण म्हणून दिलंय, पण खरं तर त्याच मला शिकवतात. आणि त्यांचे मिस्टर काय समजूतदार असतील हो! नाहीतर या वयात कोण बायकोला रोज पाठवतं?”

सावळीरामला एकदम आठवलं, की गेटवर सतरंजीशेजारी आपल्या अक्षरातलं कॅलेंडर पडलंय.

तो तिकडं वळणार, तेवढ्यात साडेबारा वाजले. पोटातला भोंगा असा काही झाला, की सृष्टीनं मागं वळून बघितलं. समोरच्या दारातून तुपाचा वास आला. दारावर पाटी होती, ‘पाळणाघर’.

“हे कशाला इथं?”

“ज्या मुली लग्नानंतर शिकतात त्यांच्या बाळांसाठी.”

आत तानुबाई नावाच्या धिप्पाड बाई चटया अंथरून मुलांना ओळीनं बसवत होत्या. “आया अकराला सोडत्यात, अडीचला नेत्यात,” त्या म्हणाल्या. “पैले दोन दिस रडत्यात. मग घरी जायचं नाव काढत नाय. बसा बाबा. खिचडी लय हाय.”

“माझं उपोषण आहे,” सावळीराम क्षीणपणे म्हणाला.

“आसूद्या. हे उपासाचं नाय, पण गरम हाय.”

गरम! सृष्टी तासाला पळाली आणि सावळीराम ओळीत बसला. त्याच्या एका बाजूला मैना नावाचं चिमुरडं होतं, दुसऱ्या बाजूला साई, आणि दोघं त्याच्या ताटात बघत होती. उपोषण सोडताना पुढाऱ्याच्या हातून लिंबू सरबत घ्यायचं असतं. इथं मैनानं स्वतःच्या बाटलीतलं उरलेलं पाणी पुढं केलं. ते पिऊन उपोषण सुटलं.

जेवण झाल्यावर साईनं त्याच्या मांडीवर एक लाकडी विमान आणून टाकलं. चाकं निखळलेली, पंख लटकलेला. ओझरचा माणूस! त्यानं तानुबाईंकडून चमचा घेतला आणि कामाला लागला. बघता बघता सगळं पाळणाघर त्याच्याभोवती उकिडवं बसलं. पंख नीट बसला का, ते बघायला त्यानं विमान खिडकीशी उजेडात धरलं, आणि त्याला पलीकडचा वर्ग दिसला.

पहिल्या बाकावर विमलाबाई. त्यांनी हात वर केला होता. प्राध्यापक बोलायचे थांबले, हातानं ‘बोला’ म्हणाले, आणि विमलाबाई उभ्या राहून काहीतरी बोलल्या. शब्द ऐकू येत नव्हते. पण अख्खा वर्ग त्यांच्याकडं वळला, आणि प्राध्यापकांनी खडू उचलून त्या म्हणाल्या ते फळ्यावर लिहिलं.

सावळीरामच्या हातातलं विमान हवेतच राहिलं. या बाईला तो इतकी वर्षं बसलेल्या जागेवरून हाक मारत आला होता. ती उभी राहिली की अशी दिसते, हे त्याला माहीत नव्हतं.

अडीच वाजले. एकेक आई आली, एकेक मूल गेलं. शेवटी दारात विमलाबाई आल्या. एका हातात सतरंजीची गुंडाळी, दुसऱ्यात कॅलेंडर. मागं सृष्टी.

“आलातच ना शेवटी.”

सावळीराम उठला. विमान हातात, खिचडीची दोन शितं मिशीत.

“म्हणजे,” सृष्टी म्हणाली, “समजूतदार ते हेच?”

“मी ऑफिसात चाललेय,” विमलाबाई म्हणाल्या. मान ताठ होती. “नाव काढते. होऊ द्या तुमच्या मनासारखं.”

“नाव काढायचं नाय!” सावळीराम एवढ्या मोठ्यानं ओरडला, की तानुबाईंनी कानांवर हात ठेवले.

“का? तुमचीच मागणी ना?”

“मागणी मागं घेतली.”

“आणि उद्या साडेबाराला? परवा?”

“गार खाईन.”

“तुम्ही? दोन दिवस खाल, तिसऱ्या दिवशी ही सतरंजी घेऊन पुन्हा गेटवर! मला रोज घडी घालून वर्गात जायचंय का?”

वाटाघाटीत तो पहिल्यांदाच दुसऱ्या बाजूनं भांडत होता, आणि त्या बाजूचे मुद्दे त्याला येत नव्हते. खिडकीतून पलीकडच्या पहिल्या बाकाकडं बोट करून त्यानं काहीतरी सांगायचा प्रयत्न केला. “विमल, ते फळ्यावर… तू जे बोललीस… ते सरांनी लिहिलं गं.”

विमलाबाईंनी सतरंजी खाली ठेवली.

“ताई, रागावू नका,” तानुबाई मध्ये पडल्या. “पोरं लय रमली बाबांपाशी. आज एक बी रडलं नाय. पाळण्याच्या कड्या बी कुरकुरत्यात, त्या बी बघतो म्हणले. उद्या बी धाडा की.”

विमलाबाईंनी एकदा ओळीनं अंथरलेल्या चटयांकडं पाहिलं. एकदा नवऱ्याकडं पाहिलं. त्याला काय होणार आहे ते कळलं असावं, कारण त्यानं छाती पुढं काढली आणि म्हणाला, “हे बघ, मी युनियनचा माणूस आहे. मला माझी काही प्रतिष्ठा…”

विमलाबाई पुढं झाल्या, पदराच्या टोकानं त्यांनी त्याच्या मिशीतली दोन्ही शितं पुसली आणि म्हणाल्या, “अकराला सोडीन, अडीचला न्यायला येईन, रडायचं नाही.”