बिनभात्याची पेटी

"ज्या वस्तूत वायर आसा, ती माझ्या हातात इली की बोलतलीच!"

हे वाक्य सत्यवान दिवसातून तीनदा म्हणायचा. एकदा दुकान उघडताना, एकदा बंद करताना, आणि एकदा गिऱ्हाईक आपला रेडिओ परत मागायला आलं की. मालवणच्या बंदराकडे उतरणाऱ्या रस्त्यावर त्याचं चिंचोळं दुकान होतं आणि वर दुकानापेक्षा मोठी पाटी होती: 'सत्यवान, रेडिओ इंजिनियर'. ही पदवी त्याला कोणी दिली, असं त्याची बायको शेवंती सोडून कोणी विचारत नसे.

त्या दुकानासमोर चौऱ्याऐंशी सालच्या श्रावणात एक टेम्पो थांबला. आतून अप्पा उतरले आणि त्यांच्यामागून चौघांनी मिळून एक भलंमोठं धूड उतरवलं. विजेवरचा ऑर्गन!

अप्पा म्हणजे देवळातल्या भजनाचे बुवा. चाळीस वर्षं पेटी वाजवून गाणारा माणूस. दोन वर्षांपूर्वी अर्धांगाचा झटका आला. बाकी सगळं सावरलं, पण डावा हात गेला तो गेलाच. उजवा हात अजून सुरांवर पळायचा, पण पेटीचा भाता मारायचा तो डाव्या हाताने! गावातल्या दोघातिघांनी भात्याला बसून बघितलं. अप्पा तान घेणार तेव्हा यांची हवा संपलेली, आणि अप्पा थांबले की हे घामाघूम होऊन हाणतायत! "पेटी आसा ती, चुलीवरची फुंकणी नाय!" असं म्हणून अप्पांनी सगळ्यांना उठवून लावलं. तेव्हापासून पेटीवर फडकं पडलं होतं.

"माझो पुतण्यो गुरुदास गोव्यात हॉटेलात आसा ना, तेणी धाडल्यान," अप्पा म्हणाले. "हॉटेलवाले टाकूक निघालेले. वीस-पंचवीस वर्सांचो आसा. पण सत्यवाना, ह्येका भातो नाय रे! वीज लावची आणि एका हातान वाजवची!"

बोलता बोलता म्हाताऱ्याचे डोळे भरून आले. सप्ताहाला तीन आठवडे होते. सप्ताहात डबलबारी ठरली होती, म्हणजे दोन बुवा समोरासमोर बसणार आणि एकमेकांना भजनातून जाब देणार. समोर कुडाळकडचे गणपतबुवा होते. अप्पांना एकदा, फक्त एकदा, परत बसायचं होतं.

"वाजतलो ना रे?"

"वाजतलो? अप्पानूं, सप्ताहात ह्यो नाय वाजलो तर ही पाटी उतरवन ठेवतंय!"

रस्त्यावरच्या चारजणांनी हे ऐकलं. म्हणजे संध्याकाळपर्यंत गावाने ऐकलं.

सत्यवानाने मागची फळी काढली आणि आतून आधी एक पाल बाहेर आली, मग उंदराचं घरटं, मग तो स्वतः थोडा मागे सरला. असलं काही त्याने जन्मात बघितलं नव्हतं. खाऱ्या हवेनं पट्ट्यांखालच्या तारा हिरव्या पडल्या होत्या. स्पीकरचा कागद उंदरांनी फस्त केला होता. ट्रान्सफॉर्मर जळून कोळसा झाला होता. पण हार मानेल तो सत्यवान कसला! त्याने आठ दिवस एकेक तार घासली.

दुरुस्तीला लागणारे भाग मुंबईहून मागवायचे तर पंधरा दिवस. मग सत्यवानाची नजर फळीवर गेली. तिथे दुरुस्तीला आलेले रेडिओ ओळीने बसले होते. शेजारच्या माईंचा जुना मोठा रेडिओ, त्याचा स्पीकर अगदी या मापाचा! देवळाच्या भोंग्याचा अँप्लिफायर, त्याचा ट्रान्सफॉर्मर! "सप्ताहापुरतो," सत्यवान स्वतःशीच म्हणाला. "चोरी थोडीच आसा? वस्तू गावातच ऱ्हवता."

माई रोज सकाळी यायच्या. "सत्या, माझो रेडिओ झालो?"

"पार्ट येवचो आसा माई. मुंबैसून."

"बोटीन येता काय रे तो? बोटी बंद झाले आसत पावसाळ्यात!"

अखेर ऑर्गन लागला. सत्यवानाने सगळ्या पट्ट्या दाबून बघितल्या. सगळे सूर बोलले, एक सोडून. काळी चार! खालपासून वरपर्यंत जितक्या सप्तकांत ती होती, तितक्या सप्तकांत मुकी. आणि नेमका तोच अप्पांचा 'सा'!

"ह्येच्यात सगळ्यात वरचो सूर आधी तयार होता आणि खालचे तेच्यातसून निघतत," सत्यवानाने अप्पांना समजावलं. "मूळपुरुषच मेलो, म्हणान अख्खो वंश गप झालो."

"मगे मूळपुरुष जितो कर!"

त्यासाठी एक ट्रान्झिस्टर हवा होता. तो शेवंतीच्या स्वयंपाकघरातल्या छोट्या रेडिओत मिळाला. शेवंतीला पत्ता लागला नाही. "माझो रेडिओ कित्याक गप झालो?" तिने विचारलं. "पावसाळी हवा," इंजिनियर म्हणाला.

पण मूळपुरुष जिवंत झाला तरी सूर जुळवायला सत्यवानाला कान नव्हता. म्हणून रोज दुपारी अप्पा दुकानात स्टुलावर बसून गायचे आणि सत्यवान स्क्रू पिळायचा. अप्पा एक अभंग घ्यायचे, थांबायचे, श्वास घ्यायचे, पुन्हा उचलायचे. दहा दिवस हेच. सत्यवानाला एक ओळ सुरात म्हणता आली नसती, पण अप्पा कुठे दम खातात, कुठे छाती भरून घेतात, ते त्याला झोपेतसुद्धा सांगता आलं असतं.

डबलबारी दुपारी तीनला होती. सभामंडप खचाखच भरला. ऑर्गन मध्ये ठेवलेला. आपली कारागिरी लोकांनी बघावी म्हणून सत्यवानाने त्याचं वरचं झाकण मुद्दाम काढून ठेवलं होतं!

"भोंगो खंय?" कोणीतरी विचारलं.

"ऑर्गनाचोच आवाज बंदरार जातलो. भोंगो कित्याक?"

आता आमच्याकडे कुठलंही यंत्र नारळाशिवाय सुरू होत नाही. सायकल असो, भातगिरण असो, नारळ हा पाहिजेच, आणि त्याचं थोडं पाणी यंत्रावर शिंपडायचंच. मानकरी बाबली पुढे झाला. नारळ हातात घेऊन त्याने गाऱ्हाणं घातलं.

"बा देवा म्हाराजा! आज ह्या लेकरांनी जी काय सेवा मांडली आसा, ती गोड मानून घे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" मंडप गरजला.

"अप्पांच्या ह्या नव्या पेटीवर कोणाची वाकडी नजर पडली आसात, तर ती धुवन काढ रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

पायरीवर नारळ फुटला. दोन्ही कवड्यांत, म्हणजे नारळाच्या अर्ध्या वाट्यांत, पाणी सांभाळत बाबली ऑर्गनजवळ आला आणि जरा थबकला. "सत्यवाना, ह्येच्यार पाणी चलता मा?"

याच क्षणी "नको" म्हटलं असतं तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण मंडपात तीनशे माणसं बघत होती.

"शिंपड रे! सत्यवानान केल्ला काम आसा. पाण्यान काय होता?"

बाबलीला वाटलं, इंजिनियरच म्हणतोय, तर हात कशाला आखडा? देवाच्या कामात कंजुषी नको. त्याने दोन्ही कवड्या आत ओतल्या!

ऑर्गनाने एकच सूर धरला. काळी चार! कोणी पट्टी दाबली नव्हती. तो सूर वर चढला, चिरकला, आतून फाटकन आवाज आला, धूर निघाला आणि देवळाचा फ्यूज उडाला. पंखे थांबले.

"नजर जबर व्हती!" बाबली म्हणाला.

धूर बघायला माई पुढे आल्या आणि आत वाकल्या. दर दसऱ्याला त्या रेडिओला हळदकुंकू वाहायच्या. ते जाळीतून आत पडून स्पीकरवर लाल-पिवळा थर बसला होता.

"ह्यो माझो स्पीकर! मेल्या, ह्योच तुझो मुंबैचो पार्ट?"

मग देवळाच्या कमिटीवाल्यांनी आपल्या भोंग्याचा ट्रान्सफॉर्मर ओळखला. शेवंतीने नवऱ्याकडे बघितलं. "पावसाळी हवा, नाय काय?"

या सगळ्यात अप्पा ऑर्गनसमोर तसेच बसून होते. उजवा हात पट्ट्यांवर, डावा मांडीवर. गणपतबुवा हळूच म्हणाले, "अप्पानूं, ऱ्हवांदे. फुडल्या वर्सा बघया."

"फुडल्या वर्सा कोणी बघल्यान?" अप्पा म्हणाले.

सत्यवानाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तो उठला, तडक अप्पांच्या घरी गेला, फडक्यासकट जुनी पेटी खांद्यावर घेऊन आला आणि अप्पांच्या समोर ठेवली. पलीकडे स्वतः मांडी घालून बसला. भाता धरला.

"तू?" अप्पा म्हणाले. "तुका सूर कळता?"

"सूर नाय कळणत. तुमचो दम कळता."

अप्पांनी सूर धरला. भोंगा नव्हता, म्हणून माणसं पुढे पुढे सरकली. अप्पा छाती भरून घेत आणि त्याच क्षणी भाता भरे. अप्पा ओळ सोडत आणि भाता हलके मिटे. एकदाही हवा कमी पडली नाही, एकदाही जास्त झाली नाही. दोन तास! सत्यवानाचा खांदा भरून आला, पण त्याने मान वर केली नाही. एक तर भात्याकडे लक्ष होतं, आणि दुसरं म्हणजे समोर माई बसल्या होत्या.

बारी संपली तेव्हा गणपतबुवांनी उठून अप्पांचे पाय धरले. "बुवानूं, पेटी तुमची ती तुमचीच. पण भात्यार ह्यो कोण बसवलास?"

अप्पांनी घाम पुसला आणि मंडपाला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "आमी भात्याक इंजिनियर ठेवलो आसा!"

सत्यवान शब्दाचा पक्का. दुसऱ्या दिवशी त्याने पाटी उतरवली. शेवंतीने ती वाया जाऊ दिली नाही, कोंबड्यांच्या खुराड्याला तिचं दार केलं. अजून कोणी परगावचा माणूस रेडिओ काखोटीला मारून इंजिनियरचा पत्ता विचारत आला, की लोक त्याला बरोबर खुराड्यासमोर नेऊन उभं करतात!