स्वाक्षरीसाठी बारा शब्द

काचेच्या बशीत त्रेसष्ट ठिपके होते. रंग निळसर, आकार टाचणीच्या डोक्याएवढा, कडा रेखीव. तपासनीस बाईंनी ते एकदा मोजले, बशी अर्धी फिरवून पुन्हा मोजले. दोन्ही वेळा त्रेसष्ट. पिण्याच्या पाण्यात असे ठिपके शून्य असावे लागतात, कारण प्रत्येक ठिपका म्हणजे पोट बिघडवणाऱ्या जंतूंची एकेक वसाहत असते. नमुना पश्चिमेच्या टाकीचा होता. त्या टाकीचे पाणी अकरा हजार माणसे पीत होती, आणि त्यांत बाईंचा थोरला भाऊ, वहिनी व दोन भाच्या होत्या.

सोमवारी सकाळी अकरा वाजता बाईंनी अहवालात ‘पिण्यास अयोग्य’ असे लिहिले आणि खालची स्वाक्षरीची जागा रिकामी ठेवली. स्वाक्षरी करण्यास त्या अपात्र होत्या.

ही अपात्रता नियमानुसार होती. तीन वर्षांपूर्वी प्रयोगशाळेतून एक चुकीचा अहवाल बाहेर गेला होता. चौकशी समितीने स्वाक्षरी करणाऱ्याचे लक्ष विचलित झाले होते असा निष्कर्ष काढला आणि लक्ष मोजण्यासाठी एक सल्लागार नेमला. सल्लागाराने रोज सकाळी सात इंग्रजी अक्षरे द्यावीत आणि दहा मिनिटांत त्यांतून पाच अक्षरी इंग्रजी शब्द शोधायला लावावेत असे सुचवले. ज्याला बारा सापडतील, त्याचे लक्ष ठिकाणावर आहे असे समजून त्या दिवशी स्वाक्षरीचा अधिकार त्याला द्यायचा. इंग्रजीच का, असे एकाने बैठकीत विचारले होते. आपल्या भाषेत माणसाचे लक्ष आपोआप लागते, त्यामुळे ते मोजता येत नाही, असे उत्तर मिळाले. पाचच अक्षरे का, असे मात्र कोणी विचारले नाही, कारण तोवर चहा आला होता.

पहिल्याच दिवशी बारा शब्द एकट्या भांडारपालाला सापडले. गेली वीस वर्षे भांडाराच्या खिडकीत बसून तो शब्दकोडीच सोडवत होता. तेव्हापासून सगळे अहवाल त्याच्या सहीने जात. जंतू कशाला म्हणतात हे त्याला ठाऊक नव्हते, आणि हे तो मोकळेपणाने सांगत असे. “बाई, तुम्ही लिहायचं, मी सही ठोकायची. मध्ये डोकं कुणी घालायचं नाही. म्हणून तर चुका होत नाहीत!”

व्यवस्था सुरळीत चालली होती. परंतु त्या सोमवारी भांडारपाल आठवडाभराच्या आंतरकार्यालयीन शब्दशोध स्पर्धेसाठी परगावी गेला होता. त्याची अनुपस्थिती ‘कर्तव्यार्थ’ अशी नोंदवली होती.

बाई प्रयोगशाळेच्या साहेबांकडे गेल्या.

“सर, बशीत त्रेसष्ट आहेत.”

“आणि आज तुमचे किती?”

“नऊ.”

“नऊ!” साहेबांनी चष्मा काढला. “बाई, मला सांगा, ज्यांना नऊच्या पुढे सापडत नाही, त्यांना बशीत त्रेसष्ट कसे सापडले?”

“ते बशीत होते, सर.”

“शब्दही अक्षरांत होतेच की. मी तुमच्यावर अविश्वास दाखवत नाहीये. पण तुमच्या त्रेसष्टवर विश्वास ठेवायला मला तुमचे बारा लागतील ना? आणि हो, सही नसलेला निष्कर्ष बाहेर बोललात, तर नियमाप्रमाणे ती अफवा. अफवेला काय शिक्षा आहे ते परिपत्रकात आहेच.”

परिपत्रकात बडतर्फी होती. बाईंची बावीस वर्षे नोकरी झाली होती. शिवाय, खरे सांगायचे तर, सही नसलेली गोष्ट बोलणे त्यांनाही अशास्त्रीय वाटत असे. त्या आपल्या टेबलाशी परतल्या आणि बशीवर झाकण ठेवले.

मंगळवारी त्यांनी दहा शब्द शोधले. बुधवारी बारा शोधले. पण मूत्रपिंडाशी संबंधित एक शब्द शब्दवैधता समितीने बाद केला. शब्द कोशात आहे, परंतु तो उमेदवाराच्या शिक्षणातून आलेला आहे, लक्षातून नव्हे, असा शेरा होता. राहिले अकरा. प्रयोगशाळेतल्या बाकीच्यांनीही जिवाचे रान केले. कोणी सूक्ष्मदर्शकाशेजारी कोश ठेवला, कोणी शिकवणी लावली. पाण्याचे नवे नमुने दारात साठू लागले, तेव्हा ते घेणे तात्पुरते बंद करण्यात आले, कारण तपासनीसांचे लक्ष विचलित होत होते.

बुधवारी दुपारी वहिनीचा फोन आला.

“वन्सं, थोरलीला कालपासून जुलाब होतायत. शेजारचीही पोरं आजारी आहेत. पाण्यात काही आहे का हो?”

“अहवाल यायचाय, वहिनी.”

“तो कधी?”

“सही झाली की.”

“बरं. तसं मी सगळ्यांना सांगितलंय, काळजी करू नका. आमच्या वन्संच तिथे तपासायला आहेत. काही असतं तर त्या गप्प बसल्या असत्या का?”

बाईंनी फोन ठेवला. बावीस वर्षांत त्यांनी लिहिलेला एकही कागद इतक्या लवकर लोकांपर्यंत पोहोचला नव्हता. त्यांच्या गप्प बसण्याला कोणाची सही लागली नव्हती.

गुरुवारी टाकीखालचे लोक चौकशीला आले. गर्दी पाहून साहेबांनी तत्परतेने निर्णय घेतला. लोकसहभागाशिवाय प्रशासन अपुरे आहे, असे म्हणून त्यांनी दिवसाची सात अक्षरे खिडकीबाहेरच्या फळ्यावर लिहायला सांगितली. नागरिकांनी सुचवलेले शब्दही यापुढे तपासनीसांच्या खात्यात धरले जातील, असा आदेश काढला. तक्रारीचे अर्ज परत घेऊन त्यांच्या पाठकोऱ्या बाजू शब्द लिहायला वाटण्यात आल्या.

शुक्रवारी सकाळी खिडकीबाहेर दोनशे माणसे होती आणि आवाज अजिबात नव्हता. फळ्यावर ए, ई, एल, एन, आर, टी, डब्ल्यू अशी अक्षरे होती. आदल्या दिवशी साहेबांच्या नावाने ओरडणारा शिंपी आज भिंतीला कागद लावून लिहीत होता. एका शिक्षिकेने आघाडी घेतली होती आणि लोक तिला वाट करून देत होते. ‘अलर्ट’ सापडला तेव्हा टाळ्या पडल्या. ‘वॉटर’ सापडला तेव्हा एका आजोबांनी आपल्याजवळची बाटली उघडून दोन घोट घेतले आणि पुढच्या शब्दाकडे वळले. अकरा झाले होते. पहिल्या रांगेत वहिनी उभी होती. कडेवर धाकटी, हातात पेन्सिल.

“वहिनी,” बाई खिडकीतून म्हणाल्या, “थोरली कशी आहे?”

“सलाईन लावलंय. हे आहेत तिच्यापाशी.” वहिनीने फळ्यावरची नजर काढली नाही. “थांबा वन्सं, मध्ये बोलू नका. एकच राहिलाय. जिभेवर आहे माझ्या.”

“वहिनी, ऐका.”

“शूऽऽ!” मागून दहाबारा जण एकदम म्हणाले.

आतून साहेबांचा आवाज आला. “बाई, तीन मिनिटं उरली आहेत! त्यांचं लक्ष विचलित करू नका!”

हे वाचता वाचता ज्यांनी ती सात अक्षरे मनात फिरवायला घेतली आहेत, आणि बारावा शब्द सापडेपर्यंत पुढची ओळ वाचायची नाही असे ज्यांनी ठरवले आहे, त्यांच्यासाठीही बाई थांबल्या नाहीत. त्यांनी फळ्याकडे पाठ केली, बशी उचलून खिडकीच्या कट्ट्यावर ठेवली आणि आयुष्यात प्रथमच, सही नसलेले वाक्य मोठ्या आवाजात उच्चारले.

“टाकीचं पाणी पिऊ नका.”