ताईच्या टेबलावरचा शाईचा डाग

“डाग? असा काढतो की टेबलालाही आठवणार नाही!” भाऊंनी बायकोला ठणकावलं. “तीस वर्षं नकाशे काढलेत. ट्रेसिंग पेपरवरची चुकलेली शाई ब्लेडनं खरवडायचो, कागदाला पत्ता लागायचा नाही!”

वडिलांचं लिहायचं टेबल न्यायला ताई रविवारी येणार होती. त्यावरची दौत लहानपणी भाऊंनीच उपडी केली होती. वडिलांसमोर त्यांनी चकार शब्द काढला नाही आणि मार खाल्ला ताईनं! पन्नास वर्षं तो तळहाताएवढा काळा डाग भाऊंकडे बघत होता. निदान तो ताईच्या घरी जायला नको, एवढंच त्यांना वाटत होतं.

“सुताराला बोलवा,” बायको म्हणाली.

“डागासाठी सुतार? उद्या शिंकेसाठी सर्जन बोलावशील!”

शुक्रवारी भाऊंनी पॉलिश घासून काढलं. डाग ढिम्म! मग त्यावर गरम पाण्याचं फडकं ठेवून ते जेवायला बसले. हात धुऊन येतात तो डाग जागच्या जागी, आणि वर हे एवढं टेंगूळ!

“अहो, हे सुजलंय!”

“सूज उतरते,” म्हणत भाऊंनी इस्त्री टेकवली. टेंगूळ बसायला लागलं, तेवढ्यात फोन वाजला. ताईच!

“टेबल ठीक आहे ना रे?”

“एकदम झकास!” असं म्हणेपर्यंत जळका वास आला. डागाशेजारी इस्त्रीचा ठसा उमटला होता, अगदी टोकदार नाकासकट.

आता भाऊ इरेला पेटले. जाडाभरडा पॉलिशपेपर घेऊन तासभर घासत सुटले. “गेला! गेला!” त्यांच्या आरोळीनं बायको धावत आली. डाग गेला होता, ठसाही गेला होता. त्या जागी टेबलाचा गुडघा फुटल्यासारखं पांढुरकं लाकूड उघडं पडलं होतं.

शनिवारी निमूटपणे सुताराला बोलावलं. त्यानं कडेवरून नख फिरवलं.

“साहेब, हे सबंध सागवान नव्हे. वर सागाचा पातळ पापुद्रा चिकटवलाय, आत साधं लाकूड.”

“पण डाग गेला ना?”

“गेला की! पापुद्र्यासकट.”

त्यानं दुसऱ्या पापुद्र्याचं ठिगळ बसवलं. काम सफाईदार होतं, पण ठिगळ ते ठिगळच.

रविवारी ताईनं त्यावरून बोटं फिरवली.

“ताई, दौत मी सांडली होती.”

“ठाऊक आहे. मी दारातच उभी होते.”

“मग बाबांना सांगितलं का नाहीस?”

“मला वाटलं, तू सांगशील.”

भाऊंना वाटलं, एका वाक्याचं तर काम होतं! आणि तेही मेलं पन्नास वर्षं जमलं नव्हतं.

“चल, टेम्पोवाला खोळंबलाय,” ताई डोळे टिपत म्हणाली.

आता निदान एवढं तरी करावं म्हणून भाऊ लगबगीनं टेबल उचलायला वाकले.

“हात लावायचा नाही!” ताई आणि बायको एकदमच ओरडल्या.